हिंदीत आलेलं सोनं

आमच्या घरात राग हिंदीत येतो. भूक, खोकला, लाड, देवाचं सगळं मराठीत. पण बाबा खरे चिडले की त्यांची भाषा बदलते. लहानपणी माझ्या हातून कपबशी फुटली आणि बाबा मराठीत ओरडले, तर मी निर्धास्त असायचे. त्यांनी हळू आवाजात ‘आप ज़रा इधर आइए’ म्हटलं की मात्र मी दाराआड लपायचे. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून हे थोडंफार असंच चालतं. बाहेर दिवसभर हिंदी बोलायची आणि घरात शिरताना चपलांबरोबर ती दारात काढून ठेवायची. त्यामुळे घरातल्या माणसाला कुणी ‘आप’ म्हटलं, तर त्याला परत उंबऱ्याबाहेर उभं केल्यासारखं होतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण सगळ्यांना कळतं.

मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते. माझं लक्ष ठिकाणावर नसतं, असं आईचं मत आहे आणि ते खोटं नाही. दूध उतू जात असताना मी त्याच्याकडे बघत उभी असते. तेव्हा या आठवणीतला उजेड कदाचित होता त्याहून जास्त पिवळा झाला असेल, एखादा ढोल मी मागाहून वाजवला असेल. पण कोण काय बोललं ते अगदी तसंच आहे.

बाबा खमरियाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. रेघ केसभर इकडची तिकडे झालेली त्यांना चालत नसे. त्यांचे जिवाभावाचे मित्र त्याच कारखान्यात सेफ्टी सेक्शनला. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो, अजूनही म्हणतो. दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे गेटवर काडेपेटीसुद्धा काढून ठेवावी लागे, आणि आत जे ओळखीचं नाही त्याला बोट लावायचं नाही. ‘हात लावू नका’ हे वाक्य काका नोकरीभर बोलले. निवृत्तीनंतर आम्ही घमापुरात राहायला आलो, काकांनी खमरियाच्याच बाहेर छोटंसं घर बांधलं. काकू गेल्या, मुलगा पुण्याला. काकांना मग बाबा होते आणि बाबांना काका.

दसऱ्याला आपट्याची पानं घमापुरच्या बाजारात मिळत नाहीत. शेजारच्या बायकांना अजून नवल वाटतं, की हे लोक एकमेकांना झाडाचं पान देतात आणि सोनं म्हणतात. ती पानं आणायची काकांनी. सणाच्या आदल्या दिवशी ते आणि बाबा स्कूटरवर कुंडमच्या बाजूला जायचे, जंगलात काकांची ठरलेली झाडं होती. मी लहान होते तेव्हा दोघांच्या मधे बसायचे. पुढे काकांची पाठ, मागे बाबांची छाती, आणि मधल्या त्या उबेत मला गाव संपायच्या आत झोप लागायची.

खरं तर ती झोप नव्हती. डोळे मिटलेले, पण उन्हाचे आणि सावलीचे पट्टे पापण्यांवरून सरकताना कळायचे. मधूनच डोळे उघडले की पिकलेलं धान दिसायचं, कासाचं पांढरं गवत फुललेलं दिसायचं, मग साल आणि सागाच्या झाडांची गर्दी सुरू व्हायची. आणि या सगळ्यात त्या दोघांचा वाद चाललेला असायचा. कुठली तरी निवडणूक, कुठला तरी नेता. काका एका पक्षाचे, बाबा त्याच्या विरुद्ध. कोण कुठले ते सांगत नाही, सांगून काही फरक पडत नाही. काका बोलले की त्यांची पाठ माझ्या गालाशी गुणगुणायची, बाबा उत्तर देताना माझ्या पाठीला धक्के बसायचे. वाद माझ्यातून आरपार जायचा आणि मला छान वाटायचं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, पण जायचं एकाच स्कूटरवरून होतं. कुंडमला चहाची टपरी आली की वाद तिथेच थांबायचा, कारण चहात साखर किती हा त्याहून मोठा वाद असायचा.

मग आमच्या हातांत फोन आले. मराठी मंडळाने गणपतीच्या आरतीच्या वेळा कळवायला एक ग्रुप काढला. नियम एकच, इथे मराठीतच लिहायचं. तरुण मंडळी तो इंग्रजी अक्षरांत पाळायची, तेही निम्मं हिंदी, पण मन राखायला चालून जायचं. गणपती उठले तरी ग्रुप उठला नाही. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी खरा इतिहास, संध्याकाळी आजारांवरचे घरगुती उपाय. आणि अधूनमधून ती लिंकची निळी ओळ. हा व्हिडिओ काढून टाकण्याआधी बघा. तुमचं लाइटचं कनेक्शन आज कापलं जाणार आहे. फुकट रिचार्ज. अशी ओळ आली की तिच्याखाली काकांचा मेसेज पडलाच म्हणून समजा: हात लावू नका. आणि कुणी इतिहासातलं गुपित उघड केलं की बाबा एकच शब्द लिहायचे: पुरावा? बाकीचे हसायचे. पण या दोघांमुळे आपलं बरं चाललंय असं सगळेच म्हणायचे.

मागच्या निवडणुकीच्या दिवसांत काय झालं ते मी आतल्या खोलीत बसून माझ्या फोनवर बघत होते. बाबा व्हरांड्यात होते. काकांनी कुणाचं तरी काहीतरी पुढे ढकललं, बाबा ज्यांना मानतात त्यांच्याबद्दल. बाबांनी पुरावा मागितला. काकांनी एक लिंक टाकली. बाबांनी लिहिलं, दुसऱ्यांना हात लावू नका सांगतो आणि स्वतः कुठल्या गटारात हात घालून राहिला? काकांनी लिहिलं, जन्मभर रेघा मारणाऱ्याला देश काय कळणार. बाबांनी लिहिलं, तुम्हा लोकांमुळेच. काकांनी लिहिलं, तुम्हा लोकांमुळेच. ‘तुम्हा लोकां’मधे कोणकोण होतं, देव जाणे. दोघांच्या घरांत स्कूटरने अर्ध्या तासाचं अंतर, फोन उचलून बोलता आलं असतं. पण ते जणू सगळ्या मंडळासमोर उभे होते आणि कुणालाच आधी खाली बसायचं नव्हतं. मला तेव्हा फार राग आला, दोघांचाही, आणि त्याहून जास्त त्या पन्नासेक माणसांचा, जी मुकाट्याने मजा बघत होती. मीही बघतच होते म्हणा.

मग बाबांनी लिहिलं: ‘आप अपना ज्ञान अपने पास रखिए। हमें क्षमा कीजिए।’

मराठीच्या ग्रुपवर, हिंदीत, आणि काकांना ‘आप’. मी वाचलं आणि मला परत दाराआड लपावंसं वाटलं. थोड्या वेळाने खाली बारीक राखाडी अक्षरांत उमटलं की काका ग्रुपमधून बाहेर पडले. कुणीतरी हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गुलाब आला.

त्यानंतरचे बाबा मला बघवत नव्हते. पेपर मोठ्याने वाचायची त्यांची जुनी सवय. एखादी बातमी वाचायची आणि थांबायचं, समोरून कुणीतरी ‘अबे, असं कसं’ म्हणेल म्हणून. समोर आई वाटाणे सोलत बसलेली. ती म्हणायची, “अहो, मी काय बोलू? मला तर पटलं.” बाबा पेपर घडी करून ठेवायचे. हळूहळू त्यांनी मोठ्याने वाचणं सोडलं. मग पेपर वाचणंच कमी झालं. दुपारी खुर्चीत बसल्या-बसल्या डोळा लागायचा, फोन छातीवर तसाच. वाजला की दचकून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. आई म्हणाली, “तुम्हीच लावा ना फोन.” ते म्हणाले, “ग्रुप त्याने सोडला, मी नाही सोडला.” हे एखाद्या कायद्याच्या कलमासारखं ते वर्षभर सांगत राहिले.

मागच्या दसऱ्याला पानं आली नाहीत. आईने पूजेत पानांच्या जागी झेंडू वाहिला. बाबा इस्त्रीचा कुडता घालून संध्याकाळभर व्हरांड्यात बसले. रस्त्यावरून देवीच्या मिरवणुका जाऊ लागल्या तेव्हा उठले आणि म्हणाले, “कुंडमचा रस्ता खराब झाला असेल.” मला रडू आलं, पण मी आत जाऊन पाण्याचे ग्लास भरत बसले. हा माणूस असाच वाळत जाणार, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं मग वर्षभर गेलं नाही.

आता या दसऱ्याचं. सकाळचं ऊन व्हरांड्यात आलं होतं, ऑक्टोबरचं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. गल्लीच्या तोंडाशी देवीचा मंडप होता आणि तिथला ढोल अजून नीट जागा झाला नव्हता, मधेच एखादा ठोका यायचा. मी झेंडूचं तोरण ओवत होते. ओवत होते म्हणजे बराच वेळ एकच फूल हातात धरून बसले होते. बाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

“हे बघ,” ते म्हणाले, “चमकून राहिलं.”

मी मान वर केली तोवर त्यांचं बोट पडलं होतं. लांबच्या कुणा नातेवाइकाच्या नंबरवरून एक मेसेज आला होता. सोनेरी पानाचं चित्र, खाली हिंदीत, ‘विजयादशमी की शुभकामनाएँ। आपके लिए सोना भेजा है। छूकर देखिए।’ आणि त्याखाली ती निळी ओळ.

“बाबा, काहून हात लावला?”

“पान आपट्याचं होतं,” ते म्हणाले, “मला वाटलं...”

काहीतरी उतरलं, काहीतरी गोल फिरलं आणि मग फोन आपोआप कामाला लागला. बाबांच्या फोनमधे जितके नंबर होते तितक्यांना तेच पान, तोच मजकूर, तीच निळी ओळ बाबांच्या नावाने जाऊ लागली. दूधवाला, डॉक्टर, आईची नागपूरची बहीण, सगळ्यांना. मी फोन ओढून घेतला, इंटरनेट बंद केलं, मग फोनच बंद केला. तोवर घरचे फोन सुरू झाले होते. मंडळाचे सेक्रेटरी हसत होते. म्हणाले, “आम्ही बघताच ओळखलं. तुझे बाबा आणि हिंदीत शुभेच्छा? शक्यच नाही.” मावशी तेच म्हणाली. जो तो तेच म्हणाला. हिंदी बघून सगळे सावध झाले होते, कुणीच उघडलं नव्हतं. तरी मी ग्रुपवर लिहिलं, बाबांच्या नावाने आलेली ओळ उघडू नका. बाबा ओशाळून बसले होते. ‘पुरावा’ मागणारा माणूस एका चमकत्या पानाला फसला, याचं त्यांना लागलं होतं.

दुपारी पुरणपोळी जेवून मी आडवी झाले. ढोल आता चांगला जागा झाला होता, पण लांबून येताना मऊ होऊन येत होता. पंख्याखाली माझे डोळे मिटले आणि पापण्यांवर ते जुने पट्टे सरकायला लागले, ऊन, सावली, ऊन. गालाशी कुणाची तरी पाठ गुणगुणत होती. मी त्या आवाजाला काहीतरी विचारणार तेवढ्यात लक्षात आलं, काका ग्रुपवर नाहीत. माझा इशारा त्यांना गेलाच नाही. ओळ मात्र गेली असणार, कारण नंबर बाबांनी पुसला नव्हता.

मी उठून व्हरांड्यात गेले. “बाबा, काकांना सांगायला पाहिजे.”

“त्याला काय सांगतेस? साऱ्या जबलपुरात कोणी लिंक उघडली तरी तो नाही उघडणार. आणि माझी?” ते थोडं हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. “माझी तर नाहीच नाही.”

तरी मी माझ्या फोनवरून काकांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. बाबा पेपर समोर धरून होते, पण पान उलटत नव्हतं. मी परत लावला. वाजत राहिला.

“झोपला असेल,” बाबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “संध्याकाळी परत लावून बघ.”

संध्याकाळी लावायची वेळ आली नाही. उजेड केशरी झाला होता, मिरवणुकीसाठी पोलिसांनी गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे लावले होते, आणि गर्दीतून एक माणूस पायी येताना दिसला. केसांत धूळ, शर्टाला कुसळं, खांद्याला कापडी पिशवी. मला आधी वाटलं, मी अजून पंख्याखालीच आहे. मग आईने आतून येऊन माझा हात धरला आणि कळलं की तिलाही तेच दिसतंय.

काका पायरीच्या खाली थांबले. वर्षभरात बारीक झाले होते.

“स्कूटर तिकडेच लावावी लागली,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण ते फाटकाकडे बघत होते.

बाबा खुर्चीतून उठले, पण पुढे गेले नाहीत. मधे व्हरांड्याच्या तीन पायऱ्या.

“सकाळी तुझं आलं,” काका म्हणाले. “उघडून पाहिलं. नुसतं गोल-गोल फिरून राहिलं, बाकी काही दिसलंच नाही. तेव्हापासून फोन काही चालून नाही राहिला. मग म्हटलं, चलो, पानं तर घेऊन येतो. कुंडमला गेलो. मागच्या साली गेलो नव्हतो, झाडं चांगली फुटली आहेत.”

त्यांनी पिशवी थोडी उघडून दाखवली. आतून ओल्या पानांचा वास आला, मला झोपेतसुद्धा ओळखू येईल असा. सकाळी मेसेज बघितला आणि हा माणूस या वयात एकटा स्कूटर काढून जंगलात जाऊन आला. मी वाजवत होते तो फोन त्यांच्या खिशात मुका होता. मी बाबांकडे बघितलं. आता ते काय बोलतील यावर सगळं होतं. केसभर रेघ सरकलेली त्यांना चालत नाही हे मला माहीत होतं, आणि मला त्याची भीती वाटत होती. एकदाच, एवढं एकदाच गप्प बसा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

“तू उघडली?” बाबा म्हणाले. “तू? सगळ्यांना सांगत फिरतो हात लावू नका, आणि तू लावला?”

“दुसऱ्या कोणाची असती तर नसता लावला. तुझं नाव होतं.”

“अबे, हिंदीत होती ती. मी कधी तुला हिंदीत लिहितो का?”

काकांनी पहिल्यांदा वर बघितलं.

“लिहिलं होतं ना,” ते म्हणाले. “तुझं शेवटचं हिंदीतच होतं. ‘आप’ म्हणून. म्हणून तर समजलो की तुझंच आहे. म्हटलं, राग गेला नाही अजून. पण पाठवलं तर आहे.”

मंडपातला ढोल थांबला होता, किंवा मला ऐकू येत नव्हता. साऱ्या ओळखीच्या माणसांनी जी हिंदी बघून बाबांवर विश्वास ठेवला नाही, त्याच हिंदीवर एका माणसाने ठेवला होता. आई माझा हात दाबत होती.

“मी नाही पाठवलं ते,” बाबा म्हणाले. “खोट्या लोकांचं आहे. माझ्या फोनवरून सगळ्यांना गेलं.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी डोळे मिटून घेतले.

“अच्छा,” काका म्हणाले. पिशवीचं तोंड त्यांनी नीट मिटलं. “अच्छा. ठीक आहे.” आणि ते तिथेच उभे राहिले, कारण परत जायला मिरवणुकीतूनच जावं लागलं असतं.

मग पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला. डोळे उघडले तर बाबा खाली उतरले होते. त्यांनी काकांच्या हातातली पिशवी घेतली, त्यात हात घातला आणि पानांची एक ओली डहाळी बाहेर काढली.

“पाठवायला पाहिजे होतं मी,” ते म्हणाले. “मागच्याच दसऱ्याला पाठवायला पाहिजे होतं.”

काका एक पाऊल पुढे आले. बाबांच्या हातातल्या डहाळीकडे बघत राहिले. मग लहान मुलासारखा ओठ काढून म्हणाले, “आप नको म्हणू बे मला.”

“नाही म्हणत.”

“कधीच नको म्हणू.”

“नाही म्हणत ना,” बाबा म्हणाले आणि ती डहाळी त्यांनी काकांच्या हातात कोंबली. “घे. घे बे, सोनं घे.”